चालणं कुणाचं, बसणं कुणाचं

तेवीस वर्षं मी लोकांच्या दारात जाऊन प्रश्न विचारायची नोकरी केली. घरात माणसं किती, चूल की गॅस, पाणी कुठून आणता, लेकरांना डोस पाजले का. गावात शिरलं की पोरं ओरडायची, "पाहणीवाल्या बाई आल्या!" आता घरी बसले आहे, गुडघ्यांनी संप केलाय. पण कुणी जुन्या कामाचा विषय काढला की सगळ्यांना एकच ऐकायचं असतं, ते पावलं मोजायचं काम. मी गमतीजमती सांगते, लोक हसतात. त्या कामात मी एका बाईचं काय केलं, ते मात्र त्यांना कधीच सांगितलेलं नाही.

काम असं होतं. एका संस्थेला बघायचं होतं, की एकाच गावात राहणाऱ्या वेगवेगळ्या समाजांतली मोठी माणसं दिवसभरात किती हालचाल करतात आणि किती वेळ बसून असतात. शुगर-बीपी कुणाला का धरतं, याचा माग त्यांना काढायचा होता. आमच्या वाट्याला अंबडच्या पुढचं एक गाव आलं. वरच्या गल्लीत जमीनवाले शेतकरी, त्यात माझ्या चुलत्याचंही घर. ओढ्यापलीकडे बौद्धांची वस्ती. मशिदीच्या अंगाला मुसलमानांची पंधरा-वीस घरं. माणसं हयात आहेत, म्हणून गावाचं नाव लिहीत नाही आणि माणसांची नावंही बदलली आहेत.

आधी प्रश्न विचारायचे, मग कमरेला एक यंत्र बांधायचं. काड्यापेटीएवढी डबी, इलॅस्टिकच्या पट्ट्यात ओवलेली. उठल्यापासून झोपेपर्यंत घालायची, आंघोळीपुरती काढायची, असे सात दिवस. आठव्या दिवशी डबी जालन्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरला जोडली की तासातासाचा आलेख निघायचा. माणूस हलला की रेघ वर, बसला की खाली.

प्रश्नांत शेवटचा प्रश्न कागदावर सगळ्यात सोपा होता. दिवसातून किती वेळ बसता? या एका प्रश्नानं मला जेवढ्या शिव्या खाऊ घातल्या तेवढ्या संडासाच्या प्रश्नानंही घातल्या नव्हत्या. वस्तीत विचारलं तर बाई कंबर कसून उभी राहायची. "बसून खाते का मी? कोण म्हन्लं तुमाला?" वरच्या गल्लीत विचारलं तर घरधनीच मध्ये बोलायचा, "आमच्या बायांना शेतात जायची पाळी न्हाई आणली आम्ही अजून. बसूनच असत्यात. लिहा, बिलकुल लिहा." एकाच शब्दाची एका दारात लाज आणि दुसऱ्या दारात मिजास. चौकातल्या हॉटेलात सकाळी नऊपासून चहा पीत बसलेली माणसं सांगायची, "आम्ही शेतकरी, दिवसभर शेतातच असतो." मशिदीजवळच्या शिलाईवाल्या चाचांचा आलेख त्यांना दाखवला, तर त्यांनी मशीन थांबवलं. "बाई, ये डब्बी झूट बोलती. सुबै से शाम तक मेरा पाव चलता, और ये बोलती मैं बैठा हूँ?" डबी कमरेला, पाय मशीनच्या पायट्यावर. काय सांगणार त्यांना!

आख्ख्या गावात फिरायला म्हणून फिरणारा माणूस एकच, वस्तीतले गुरुजी. शिक्षकाची नोकरी, पांढरे बूट घालून सकाळी रस्त्यानं भराभर चालायचे. त्यांची आई दारात बसून मला म्हणाली, "आमचा जन्म दुसऱ्याच्या रानात चालण्यात गेला. आता ह्याला बिनकामाचं चालायचं सुचून राह्यलं."

या कामावर आम्ही दोघी होतो. मी आणि करुणा.

करुणा बदनापूरची, माझ्याच वयाची, बौद्ध घरातली. सकाळच्या गाडीनं ती जालन्याला यायची, मग आम्ही दोघी एसटीनं अंबडला आणि पुढं काळीपिवळी जीपनं गावात. डबा एकत्र खायचो. तिची मेथीची भाजी माझ्या भाजीपेक्षा चांगली असायची, इथपासून माझं दुखणं सुरू झालं म्हटलं तरी चालेल.

आमच्या धंद्यात बाई किती हुशार, ते एकाच गोष्टीवर ठरायचं. डबी सात दिवस कमरेवर राहिली की नाही. लोक ती काढून खुंटीला लावायचे. बायांना वाटायचं हे पोरं न होण्याचं यंत्र आहे. काहींना वाटायचं आपण कुठं जातो ते सरकारला दिसतं. माझ्या दहा डब्यांतल्या चार-पाच दोन दिवसांत खुंटीला लागायच्या. करुणाच्या दहाच्या दहा भरून यायच्या. एकदा नाही, दर खेपेला. आमचे सर जालन्याच्या ऑफिसात आलेख पसरून बसायचे आणि मला म्हणायचे, "करुणाताईंचं बघा जरा." मी बघायचे. वरवर हसायचे, आतून जळायचे.

सुरुवातीला सरांनीच वाटणी केली होती. मी वरच्या गल्लीत, करुणा वस्तीत. "आपली माणसं आपल्याला लवकर खरं सांगतात," असं त्यांचं म्हणणं. मी मनाची समजूत घातली, की तिला घरचं अंगण मिळालंय, त्यात कसलं आलंय कौतुक. मग माझं काम मागं पडलं म्हणून सरांनी वरच्या गल्लीतली काही घरं करुणाला दिली. त्यात माझ्या चुलत्याचं घर होतं.

काकूला मी दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळेस तिनं मला उडवून लावलं. "मला कशाला? सुनांना बांध." पुढच्या आठवड्यात तिच्याकडे पाणी प्यायला गेले, तर काकूच्या कमरेला पट्टा.

"हे कुणी बांधलं?"

"करुणानं. लई चांगली बाई हाय गं ती."

"मी म्हटलं तेव्हा न्हाई म्हणालीस."

काकूनं पदर नीट केला. "तू घरची. तुला सांगितलं की तुझ्या आईला कळंल, मंग साऱ्या भावकीला. ती परकी. लिहून घेती अन् जाती."

"काय सांगितलंस असं तिला?"

काकू हळूच म्हणाली, "डॉक्टर म्हन्ला, शुगर हाय, रोज चाला. कुठं चालू? ह्या घरची बाई रस्त्यानं बिनकामाची फिरली तर लोक म्हणतील सुनांनी हाकलली. मंग मी आपली माजघरातच फेऱ्या मारते, कुणी नसलं की. किती फेऱ्या व्हत्यात ते मलाबी बघायचं होतं."

तीस वर्षं मी त्या घरात येत-जात होते. काकूच्या माजघरातल्या फेऱ्या मला माहीत नव्हत्या, करुणाला आठ दिवसांत कळल्या. त्या दिवशी एसटीत मी खिडकीबाहेर बघत बसले. करुणानं विचारलं, "डोकं दुखतंय का गं?" मी "हो" म्हटलं.

त्यानंतर तात्यांचं प्रकरण झालं. तात्या म्हणजे गावातले मोठे बागायतदार. त्यांचा फॉर्म माझा. त्यांची डबी सात दिवस भरून आली, तेव्हा मी सरांच्या टेबलावर तो आलेख सगळ्यात वर ठेवला. दुपारी करुणा माझ्याशेजारी येऊन बसली आणि बोट ठेवून हळू म्हणाली, "हे बघ. पहाटे पाचला रेघ वर गेली ती संध्याकाळी सातपर्यंत खालीच न्हाई. तात्या तर दुपारभर पारावर असतात. आपण दोघींनी बघितलंय."

मी दुसऱ्या दिवशी तात्यांना जाऊन विचारलं. ते जराही वरमले नाहीत. "गड्याच्या कमरेला बांधली." वर्षाच्या बोलीनं ठेवलेला त्यांचा गडी तिथंच बैलाला पाणी दाखवत उभा होता. "दिवसभर माझ्याच रानात चालला ना तो? मंग ते चालणं कुणाचं? माझंच की." मी हसले. गडी हसला नाही.

मी फॉर्म रद्द केला. सरांना म्हणाले, माझ्याच लक्षात आलं. करुणा समोर होती, तिनं तोंडातून अक्षर काढलं नाही. तिनं सांगितलं असतं तर मला तिचा मनमोकळा राग तरी करता आला असता. तेवढीही सोय तिनं ठेवली नाही.

काम संपत आलं तेव्हा कळलं, की अभ्यास आणखी तीन वर्षं चालणार आहे आणि दोघींपैकी एकीलाच पर्यवेक्षक म्हणून ठेवणार आहेत. ऑफिसातली जागा, टेबल, पंखा. उन्हातान्हात फिरणं बंद. कुणाला घेणार ते विचारायचीही गरज नव्हती.

त्याच आठवड्यात सिंधूबाईचा आलेख आला. सिंधूबाई वस्तीतली, मजुरी करणारी, पस्तीस-छत्तीसची. नवरा वारलेला. तिची रेघ बघून सरांनी चष्मा काढून पुसला. माझ्या गल्लीतल्या तीन बायांच्या बेरजेहून तिचं एकटीचं चालणं जास्त होतं. आणि भर दुपारी, सगळी माणसं जेवायला बसतात त्या वेळी, रेघ आणखीच वर गेलेली. सातही दिवस.

सर खूश होऊन म्हणाले, "काय बाई आहे!" ते सिंधूबाईला म्हणाले की करुणाला, मला आजही सांगता येणार नाही. मी मात्र ते करुणालाच म्हणाले असं धरलं.

करुणा गाडीसाठी निघून गेली. मी मागं थांबले.

"सर, एक बोलू का? मला हे बराबर वाटत नाही. एका बाईचं एवढं होईल का? जेवणाच्या वेळेला कुणी चालतं का? दोघी-तिघींनी पाळीपाळीनं घातली असेल." सर ऐकत होते, म्हणून मी पुढं बोलले. "वस्तीतली सगळी माणसं करुणाच्या समाजाची. माणूस आपल्यांना सांभाळून घेतोच ना."

हे शेवटचं वाक्य इथं लिहिताना मी दोनदा पेन खाली ठेवलं. बोलताना अडखळले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सरांनी वस्तीतले सगळे फॉर्म बाजूला काढले आणि करुणाला सांगितलं, की तपासणी होईपर्यंत गावात जाऊ नका. कारणही सांगितलं. ती उभीच होती. "सर, कुणी तक्रार केली का?" सर म्हणाले, तसं काही नाही, नियमच आहे. तिनं आपली पिशवी आवरली. मी तिच्यासोबत रस्त्यापर्यंत गेले, कारण गेले नसते तर दिसलं असतं.

रस्त्यावर ती म्हणाली, "तुला तरी खोटं वाटतं का गं?"

मी म्हणाले, "मला काय माहीत. मी काय होते का तिथं?"

तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि स्टेशनची रिक्षा धरली.

तपासणीला सरांनी मलाच धाडलं. सिंधूबाईसोबत एक दिवस काढायचा, तिच्या कमरेला एक डबी आणि माझ्या कमरेला एक. मी आदल्या दिवशी काकूकडे मुक्कामाला गेले आणि उजाडताना वस्तीत पोचले. मनात एकच होतं, की काहीतरी खोट सापडू दे.

सिंधूबाईचं पाणी भरून झालं होतं, भाकरी थापणं चाललं होतं. मी डबी काढून दिली. तिनं पट्टा हातात घेतला, उलटा केला आणि परत दिला. "हा न्हाई. करुणाबाईचा कुठाय?"

"सगळे सारखेच आहेत."

"न्हाई व. कापूस येचताना कमरेला तो भरायची ओटी असती. ओटीचं वझं ह्या डबीवर पडलं की ती हाडाला रुतती. कातडं सोललं होतं पहिल्या दिशी. मंग करुणाबाईनं सगळ्या पट्ट्यांला आतून जुन्या लुगड्याची घडी शिवली. आधी स्वतः दिवसभर ओटी बांधून येचायला आली, कुठं रुततं ते बघाया."

तीन महिने मी करुणाच्या पट्ट्यांचा हेवा केला, पण त्यातला एक कधी उलटा करून बघितला नव्हता.

तिनं माझ्या पट्ट्याखाली कापडाची चिंधी कोंबली आणि आम्ही निघालो. रान पाटाच्या पलीकडे, अर्ध्या कोसावर. ती पुढं, मी मागं. कापसाची एक ओळ संपली की दुसरी, वाकून, सरकत, ओटी भरली की बांधावरच्या गाठोड्यात रिकामी करायची, परत ओळीत. दहा वाजेपर्यंत मी तिच्यामागं राहिले. मग लिंबाखाली टेकले. ती लांबून ओरडली, "बाई, बसा तुमी. तुमची डबी मला द्या, दोन्ही घालते. तुमचंबी काम व्हईल!" आजूबाजूच्या बाया खदाखदा हसल्या. तिच्या मनात काही नव्हतं. मला तात्यांचा गडी आठवला आणि मी हसू शकले नाही.

बाराला बायांनी फडकी सोडली. सिंधूबाईनं भाकरी हातातच घेतली आणि खात खातच रस्त्याला लागली.

"आता कुठं?"

"घरी. सासू खाटेवर हाय ना. तिला भरवायचं, कूस बदलायची. एकला परत इथं."

मी विचारलं, "रोज?"

"मंग? म्हातारी एक दिसाआड जेवती व्हय?"

दुपारची ती रेघ. मी जिच्यावर बोट ठेवलं होतं.

मी परत रानात गेले नाही. तिच्याच घरात, सासूच्या खाटेजवळ भिंतीला टेकून बसले. संध्याकाळी ती आली, मग दळण, मग सरपण. मी कागद काढला, कारण नियमाप्रमाणे शेवटचा प्रश्न विचारायचा होता. दिवसातून किती वेळ बसता? ती म्हणाली, "लिहा काय बी. कंबर लई दुखती म्हणून डॉक्टरकडं गेल्ते. तो म्हन्ला, बसा जरा, आराम करा. मी म्हन्लं, साहेब, चिठ्ठीवर लिहून द्या, शेतवाल्याला दाखवते." मग माझ्या पिशवीकडे, चपलांकडे बघत म्हणाली, "तुमचं बरं हाय बाई. खुर्चीची नोकरी. मला तर लई हेवा वाटतो."

काकूला डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं आणि सिंधूबाईला बसायला. दोघींच्या घरांत अंतर हाकेचं. एकीला लोक काय म्हणतील म्हणून चालता येत नव्हतं, दुसरीला मजुरी बुडेल म्हणून बसता येत नव्हतं. हे संस्थेच्या अहवालात कसं आलं मला माहीत नाही. त्या दोघींचं दुखणं ज्या बाईनं ऐकून घेतलं होतं, ती मात्र बदनापूरला घरी बसून होती. मी बसवली होती.

ऑफिसात दोन आलेख शेजारी ठेवले. सिंधूबाईची रेघ आधीच्या सात दिवसांसारखीच. माझी रेघ दहाला झोपलेली, दुपारी वस्तीपर्यंत तेवढी उठलेली. मी सरांना सांगितलं, "फॉर्म खरे आहेत. शंका माझीच होती आणि तिला काही आधार नव्हता. मी करुणावर विनाकारण बोट ठेवलं."

मला वाटलं, सर बोलतील. मला बोलणी हवीच होती. सर म्हणाले, "नाही नाही, तुम्ही लक्षात आणून दिलंत हे चांगलंच केलंत. पर्यवेक्षकाला अशीच नजर लागते."

त्यांनी करुणाला फोन लावला. तिनं तोवर बदनापुरात एका दवाखान्यात केसपेपर लिहायचं काम धरलं होतं. ती म्हणाली, फॉर्म खरे निघाले, बरं झालं, पण आता मी येत नाही. जागा मला मिळाली. मी ती नाकारली असं लिहायला आवडलं असतं. नाकारली नाही. तीन वर्षं त्या पंख्याखाली बसले. नव्या मुलींना पट्ट्याखाली घडी शिवायला शिकवली. कुणी शोधून काढलं ते दर वेळी सांगितलं, ती आता इथं का नाही ते कधीच सांगितलं नाही.

करुणाकडे जायला मला पाच महिने लागले. बदनापूरला उतरून विचारत विचारत गेले. ती दारात तांदूळ निवडत बसली होती. उठली, पाणी दिलं. मी बसल्या बसल्याच सगळं सांगून टाकलं. सरांना काय म्हणाले ते, समाजाबद्दलचं वाक्यही. शब्द न् शब्द.

ती निवडतच होती. "मला त्या दिवशी रस्त्यावरच कळलं होतं," ती म्हणाली. "फॉर्म खोटे म्हटलं त्याचं एवढं न्हाई. ते तपासता येतात. माझ्यासोबत तीन महिने डबा खाल्ला, अन् शेवटी तेच वाक्य सापडलं."

मला रडू आलं. ती उठून आत गेली आणि चहा ठेवला. चहा चांगला केला, आलं घालून. तेवढ्यात शेजारची एक बाई विरजण मागायला आली. हक्कानं आत शिरली, डब्यातला एक लाडू उचलून खात खात माझ्याकडे बघायला लागली. करुणा तिला रागे भरली, "अगं, हात तरी धू!" मग मला म्हणाली, "ही माझी मैत्रीण, शेजारीच राहते."

त्या लाडू खाणाऱ्या बाईचा मला जेवढा हेवा वाटला, तेवढा आयुष्यात करुणाचाही वाटला नव्हता.

बाईनं विचारलं, "अन् ह्या कोण?"

"ह्या आमच्या जुन्या ऑफिसातल्या मॅडम," करुणा म्हणाली. मग माझ्यापुढं कप सरकवला. "घ्या ना. चहा गार होतोय तुमचा."